आधी वस्तू पाहावी, मग पॉलिश द्यावे

मोटारीच्या सायलेन्सरचे चकचकीत टोक ही वस्तू लहान. परंतु त्यावरील बारीक ओरखडे घालविण्याचे साहित्य मागावयास गिऱ्हाईक येते, तेव्हा व्यापाऱ्याच्या सचोटीची परीक्षा होते. एका गृहस्थांस आम्ही काहीही न विचारता खरखरीत पॉलिश पेपर दिला. त्यांचे टोक स्टेनलेसचे नव्हतेच. लोखंडावर क्रोमचा मुलामा होता. मुलामा गेला, पावसाळ्यात गंज चढला आणि ते गृहस्थ पुन्हा आमच्या दुकानाची पायरी चढले नाहीत. दोष आमचाच होता.

ओरखडा पुसला जात नसतो. भोवतालचा धातू त्याच्या तळापर्यंत झिजवावा लागतो. स्टेनलेस पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. त्यामुळे घासलेल्या जागी हवेतील प्राणवायूने संरक्षक थर पुन्हा धरतो. मुलामा एकदा गेला की गेलाच. लोहचुंबकावर विसंबू नये; स्टेनलेसच्या काही जातींनाही तो चिकटतो. पापुद्रे किंवा फोड दिसल्यास, अथवा शंका असल्यास, मऊ फडके व सौम्य पॉलिश एवढेच द्यावे.

अस्सल स्टेनलेस असल्यास टोक थंड झाल्यावर धुवावे व प्रथम पॉलिशच लावून पाहावे. ओरखडा उरलाच तर २००० नंबरचा पेपर पाण्यासह, मग ३००० नंबरचा, शेवटी पुन्हा पॉलिश. साधी लोखंडी तारेची घासणी मात्र देऊ नये. तिचे कण धातूत रुतून गंजतात.

यात विक्री चार पैशांनी घटेल, हे आम्ही जाणतो. तथापि गिऱ्हाइकाचा विश्वास हेच आपले खरे भांडवल होय.