आवड प्रेक्षकाची की वाहिन्यांची?

‘प्रेक्षकांना हेच आवडते’ असे सांगून मनोरंजन वाहिन्या आपली जबाबदारी झटकतात. हा युक्तिवाद फसवा आहे. नंदुरबारसारख्या जिल्ह्यात १९८०च्या सुमारास जन्मलेल्या प्रेक्षकाची आवडच तपासून पाहावी. १९८७ साली रामानंद सागर यांचे ‘रामायण’ आले. पाठोपाठ १९८८मध्ये ‘महाभारत’ आणि १९९१मध्ये चंद्रप्रकाश द्विवेदी यांचे ‘चाणक्य’. रविवारी सकाळी शेजारपाजाऱ्यांसह त्यांत रमलेला हाच बालप्रेक्षक २०००नंतर सासू-सुनांच्या कारस्थानांत गुंतला. कारण रोज रात्री त्याच्या ताटात तेच वाढले गेले. मात्र टाळेबंदीत, २८ मार्च २०२०पासून दूरदर्शनने ‘रामायण’ पुन्हा दाखविताच घरेच्या घरे त्यापुढे बसली. अभिरुची मेली नव्हती, ती उपाशी होती!

९ सप्टेंबर १९४२ रोजी याच नंदुरबारात १५ वर्षांचा शिरीषकुमार मेहता तिरंगा हाती घेऊन पोलिसांच्या गोळ्यांना सामोरा गेला. त्याच्यासह ५ बालवीर हुतात्मा झाले. ही गाथा मालिकेच्या योग्यतेची नाही काय? वाहिन्यांना हा प्रश्न प्रेक्षकांनीच विचारला पाहिजे. सायंकाळी मुलांसमोर काय लावायचे, याचा निर्णय तर प्रत्येक घराला आजच घेता येईल.