बलकाच्या तालुक्यात हात बिननावाचे का?

कर्जतजवळ उल्हास नदीच्या खोऱ्यात कोंडाणे लेणी आहेत. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या या बौद्ध चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर, एका भंगलेल्या मूर्तीशेजारी ब्राह्मी अक्षरे कोरलेली आहेत. अर्थ एवढाच की, कण्हाचा शिष्य बलक याने हे केले. तिथे नाव राजाचे नाही, पुरोहिताचे नाही, तर छिन्नी चालवणाऱ्याचे आहे! भिक्खूंच्या लेण्यात कारागिराला आपले नाव कोरता आले, ही गोष्ट साधी नाही.

आज त्याच तालुक्यात कळंबकडे या. या पट्ट्यातला कातकरी उचल घेऊन बायकापोरांसह वीटभट्टीवर जातो आणि माती तुडवतो. फार्म हाऊसच्या स्लॅबवर घमेली वाहणारे हातही वाड्या-वस्त्यांतलेच. चिखलात पाणी किती, मालात रेती किती, हे त्यांना बोटांनी कळते. पण त्यांनी घडवलेल्या एकाही वस्तूवर त्यांचे नाव नाही. हीच माती, हेच काँक्रीट अर्धवट माणसाचा आकार घेऊन शहरातल्या कलादालनात उभे राहिले की ते ‘अमूर्त शिल्प’ होते. आणि ते तुम्हाला कळणार नाही, असे वर आम्हालाच सांगितले जाते.

हे खोटे आहे. बंगालमधील बांकुड्याच्या गरीब नाभिक कुटुंबात १९०६ साली जन्मलेल्या रामकिंकर बैज यांनी ते खोटे ठरवले. १९३८ साली शांतिनिकेतनात त्यांनी लोखंडी सांगाड्यावर सिमेंट आणि जांभ्या खडीचा माल थापून ‘संथाळ कुटुंब’ उभे केले. सारा संसार कावडीत घालून चाललेले आदिवासी जोडपे, मूल आणि कुत्रा. त्यात नाक-डोळ्यांची कोरीव नक्कल नाही. आहे ती चाल, ओझे आणि ताठ मान. कामासाठी गाव सोडणाऱ्या कातकऱ्याला ते समजायला समीक्षक लागत नाही.

आपल्या रायगडात सासवण्याच्या वि. पां. करमरकरांनीही सिमेंटमधून गावची माणसे घडवली. कष्टकरी शिल्पात आला, हे चांगलेच झाले. पण त्याची पोर शिल्पकार कधी होणार?

चळवळीला हे माध्यम परके नाही. वर्गणी काढून गावोगावी उभारलेला बाबासाहेबांचा सिमेंटचा पुतळा ही कोणाच्या राजाश्रयाविना उभी राहिलेली लोककला आहे. तिची टिंगल करणाऱ्यांना तिच्यामागचा स्वाभिमान दिसत नाही. मात्र आपणही तेवढ्यावर थांबू नये. पुतळा महापुरुषाचा असतो. भट्टीवर वाकलेल्या पाठीचे शिल्प कोण करणार? ज्याची पाठ वाकली त्याच्याच घरातून तो कलावंत यायला हवा.

म्हणून जयंतीच्या वर्गणीतला थोडा वाटा आश्रमशाळेतल्या मुलांच्या मातीकामासाठी ठेवा. कला महाविद्यालयाची वाट त्यांना दाखवा, फीची सोय करा. आणि मुलाने जे घडवले त्याच्या तळाशी त्याचे नाव त्याच्याच हाताने लिहू द्या. बलकाने तेच केले होते.