डावखुरा स्टीव्ह

बेसबॉलची चर्चा आपल्या घरांत अलीकडे ऐकू येते ती अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलानातवंडांच्या तोंडून. ती मंडळी त्या खेळातील नामवंतांची नावे भराभर सांगतात. परंतु स्टीव्ह डाल्कोव्स्की हे नाव त्यांत बहुधा नसते. नसावे हेही स्वाभाविकच, कारण हा खेळाडू तेथील सर्वोच्च स्पर्धेत एकही सामना खेळला नाही. तरीही याच्याएवढा वेगवान चेंडू आपण पाहिला नाही, असे त्याचे कित्येक समकालीन अखेरपर्यंत सांगत राहिले.

प्रथम खेळाची थोडी ओळख हवी. बेसबॉलमधील गोलंदाजास पिचर म्हणतात. तो धावत येत नाही, चेंडूचा टप्पाही पाडत नाही; ६० फूट ६ इंचांवर उभा राहून चेंडू सरळ फेकतो. फलंदाजापुढे जमिनीत १७ इंच रुंदीची पांढरी पट्टी असते. तिच्यावरून आणि फलंदाजाच्या गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीतून चेंडू जावा लागतो. असे तीन चेंडू वाया दवडले की फलंदाज बाद. उलट चार चेंडू या अदृश्य चौकटीबाहेर गेले आणि फलंदाजाने बॅट फिरवली नाही, तर त्याला पहिल्या बेसपर्यंत स्वस्थपणे चालत जाण्याची मुभा मिळते. या फुकटच्या दानाला ‘वॉक’ असे यथार्थ नाव आहे. डाल्कोव्स्कीने हे दान आयुष्यभर सढळ हाताने केले.

तो १९३९ साली कनेटिकट राज्यातील न्यू ब्रिटन या कारखान्यांच्या गावी जन्मला. बेताच्या अंगलटीचा, चष्मा लावणारा, डावखुरा मुलगा. शाळेकडून खेळताना त्याने एकाच सामन्यात २४ फलंदाजांना असे हातोहात बाद केले. १९५७ साली बॉल्टिमोरच्या ओरिओल्स संघाने ४,००० डॉलर देऊन त्याला करारबद्ध केले आणि टेनेसीतील किंग्जपोर्टला धाडले. मोठ्या संघांनी लहान गावांतून आपापले उमेदवार संघ पोसावेत, पोरांनी तुटपुंज्या पगारावर, रात्र रात्र बसप्रवास करून तेथे खेळावे आणि एकेक पायरी चढावी, अशी तिकडची पद्धत. यासच मायनर लीग म्हणतात. शेवटची पायरी थोड्यांनाच दिसते.

किंग्जपोर्टला त्याने ६२ डावांत १२१ फलंदाज बाद केले. एका डावात तीनच गडी बाद व्हायचे असतात, हे ध्यानी घेतले म्हणजे या आकड्याची मातब्बरी कळेल. पण त्याच ६२ डावांत त्याने १२९ वॉक दिले! शिवाय ३९ चेंडू असे भरकटले की झेलणाऱ्यासही ते आवरले नाहीत. सामने जिंकला एक, हरला आठ. १९६० साली कॅलिफोर्नियातील स्टॉक्टन येथे तर नियतीने जणू हिशेबच मांडला: १७० डावांत २६२ बाद आणि नेमके २६२ वॉक.

मग उपाय सुरू झाले. पट्टीच्या दोन्ही बाजूंस फलंदाज उभे करून पाहिले, भोक पाडलेल्या फळीवर नेम धरायला लावले. १९५८ साली ॲबर्डीन येथील लष्करी चाचणीकेंद्रात नेऊन त्याचा वेगही मोजला. आदल्या दिवशीच तो सामना खेळला होता. येथे चढावाची जागा नव्हती. यंत्राच्या झोतातून चेंडू जाईपर्यंत चाळीसेक मिनिटे गेली. आकडा मिळाला ताशी ९३.५ मैल. दमलेल्या पोराची ही मोजणी त्याची खरी मोजणी म्हणावी काय? मला ते पटत नाही.

१९६२ साली न्यूयॉर्क राज्यातील एल्मायरा येथे त्याला अर्ल वीव्हर हे व्यवस्थापक लाभले. स्वतः वीव्हरही सर्वोच्च स्पर्धेत कधी खेळले नव्हते. त्यांनी आपल्या खेळाडूंची बुद्धिमापन चाचणी घेतली. डाल्कोव्स्कीचे गुण सामान्यापेक्षा बरेच कमी भरले. असल्या चाचण्यांवर माझा फारसा विश्वास नाही. त्यांच्या आधारे मुलास मागच्या बाकावर ढकलणे फार सोपे असते. वीव्हर यांनी मात्र निराळा निष्कर्ष काढला. इतकी वर्षे जो तो या पोराला नवे काही सांगत होता. त्यातले त्याला पेलेल तेवढेच सांगायचे. दोनच प्रकारचे चेंडू टाक, पट्टीच्या मध्यावर नेम धर, आणि मी शिट्टी वाजवली की सारी शक्ती लाव. बस्स! त्या हंगामात १६० डावांत १९२ बाद आणि ११४ वॉक. सहा सामन्यांत प्रतिस्पर्ध्यांना त्याने एकही धाव दिली नाही. पाच वर्षे जे कोणास साधले नाही, ते उपदेश आवरल्याने साधले. आम्हा शिक्षकांना उपदेश आवरणेच सर्वांत जड जाते.

१९६३च्या वसंतात मोठ्या संघाचा गणवेशही त्याच्या मापाने तयार होत होता, असे सांगतात. २२ मार्च रोजी यांकीजविरुद्धच्या सराव सामन्यात त्याचा डावा कोपर दुखावला. वय अवघे २३. पूर्वीचा वेग पुन्हा आला नाही. १९६५ अखेर त्याच्या खात्यावर ४६ विजय आणि ८० पराभव होते.

दारूचा नाद आधीपासूनच होता. मैदानावर शिट्टी वाजवणारा एक जण तरी भेटला. संध्याकाळनंतर कोणी नव्हते. पुढे कित्येक वर्षे तो कॅलिफोर्नियात शेतमजुरी करीत राहिला. वीव्हर १९६८ साली ओरिओल्सचे व्यवस्थापक झाले आणि १९७० साली त्यांनी विश्वमालिका जिंकली. ओरिओल्सच्याच उमेदवार संघांतून खेळलेल्या रॉन शेल्टन यांनी १९८८ साली ‘बुल डरहॅम’ हा चित्रपट काढला. त्यातील बेफाम पिचर डाल्कोव्स्कीच्या आख्यायिकांवरून घेतलेला आहे.

१९९४ साली बहिणीने त्याला न्यू ब्रिटनला परत आणले. मद्याने स्मृती पार क्षीण झाली होती. सप्टेंबर २००३ मध्ये बॉल्टिमोरच्या मैदानावर सामन्यापूर्वी मानाचा चेंडू टाकण्यासाठी ओरिओल्सने त्याला बोलावले, तेव्हा तो ६४ वर्षांचा होता. एप्रिल २०२० मध्ये, करोनाच्या साथीत, जन्मगावीच तो वारला.