लेखणी खाली का ठेवली जात नाही?

पुस्तकाचे हस्तलिखित घेऊन प्रकाशकाकडे गेलेल्या नव्या लेखकाला आज पुष्कळदा पहिला प्रश्न विषयाचा विचारला जात नाही. समाजमाध्यमांवर आपल्यामागे किती माणसे आहेत, हे आधी विचारले जाते. मग ध्वनिचित्रफीत काढा, प्रकाशन समारंभाचा खर्च उचला, शे-दोनशे प्रती आपणच घ्या! प्रत्यक्ष लेखन हे जणू या व्यवहारातील सर्वांत किरकोळ काम. त्यात आता मागाल तसा मजकूर क्षणार्धात पुरविणारे यंत्रही आले आहे. तरीही माणसे नोकरी-संसार सांभाळून, रात्रीचा दिवस करून लिहितात. हा वेडेपणा कशासाठी?

लेखकाने विक्रेताही व्हावे ही मागणी नवी नाही. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवून परतलेल्या श्रीधर व्यंकटेश केतकरांनी मराठीत ज्ञानकोश करावयाचे ठरविले, तेव्हा त्यांच्यापाशी ना राजाश्रय होता, ना धनिकाची थैली. या विद्वानाने नागपुरात चक्क मर्यादित कंपनी काढली, भाग विकले, वर्गणीदार जमविले, सहकारी जोडले आणि १९२० चे दशक संपता संपता २३ खंड मराठी माणसाच्या हाती दिले. इंग्रजी न जाणणाऱ्यालाही जगाचे ज्ञान स्वभाषेत मिळावे, हा त्यांचा ध्यास होता. ते आपण केले नाही तर दुसरे कोणी करणार नाही, हे त्यांना कळत होते. या ध्यासाची किंमत त्यांच्या घराने मोजली. एडिथ कोह्न ही ज्यू विदुषी व्रात्यस्तोम विधीने हिंदू होऊन शीलवती केतकर झाली. त्यांच्या ‘मीच हे सांगितलं पाहिजे’ या आत्मकथनात त्या संसाराची ओढाताण वाचावयास मिळते. ज्ञानकोश संपल्यावर तरी केतकरांनी स्वस्थ बसावे? ते कादंबऱ्या लिहीत राहिले! १९३७ साली ते गेले, तेही ओढग्रस्तीतच.

मुंबईच्या १९३८ च्या साहित्य संमेलनात अध्यक्षपदावरून स्वातंत्र्यवीर सावरकरांनी साहित्यिकांना लेखण्या मोडून बंदुका हाती घेण्यास सांगितले, याचा आपण अभिमानाने उल्लेख करतो. त्यांची स्वतःची लेखणी मात्र थांबली नाही. ‘सहा सोनेरी पाने’ १९६३ साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते ८० वर्षांचे होते. राष्ट्राला बंदूक हवी होती हे खरेच. पण आपल्या इतिहासाचे विवेचन दुसरे कोणी करील, यावर ते विसंबून राहिले नाहीत.

लेखक लिहीत राहतो तो असा. प्रश्न आहे तो आपला, वाचकांचा. केतकरांना वर्गणीदार मिळाले म्हणून खंड छापले गेले. आजच्या लेखकाला चाहत्यांची संख्या विचारली जाते, कारण हक्काच्या ग्राहकांची खात्री कोणी देत नाही. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, तेव्हा आपण पेढे वाटले. आणि ओळखीच्या लेखकाचे पुस्तक आले की, ‘एक प्रत आम्हालाही द्या की’ असे आपल्याच घरांतून मोकळेपणाने म्हटले जाते. साडी किंवा फराळ फुकट मागताना जो संकोच वाटतो, तो येथे कसा वाटत नाही? येत्या दिवाळीच्या खरेदीत मुलांच्या कपड्यांबरोबर दोन मराठी पुस्तके पैसे मोजून घेता येतील. आमच्याकडेही परीक्षणासाठी आलेली पुस्तके महिनोन्महिने कपाटात पडून असतात, हे येथे कबूल केले पाहिजे.