कोळंबीची सालं, नॅनो फायबर आणि किलोचा भाव

भाच्याने परवा एक व्हिडिओ पाठवला. कोळंबीच्या सालीपासून पोलादापेक्षा मजबूत धागा, त्यातून गाड्या, विमानं, आणि शेवटी मोठ्या अक्षरात 'कोकणचं सोनं कचऱ्यात!'. खाली त्याचा प्रश्न: मामा, खरं आहे का हे? त्याला फोनवर अर्धा तास सांगितलं. तोच व्हिडिओ आता आमच्या चार ग्रुपवर फिरतोय, म्हणून इथे लिहून काढतो.

अर्धं खरं आहे. पण उरलेलं अर्धं आपल्या कामाचं आहे.

माझं पोट फायबरच्या होड्यांवर चालतं. काचेच्या धाग्याची मॅट अंथरायची, तिच्यावर रेझिन चोपडायचं, परत मॅट. नुसतं रेझिन ठिसूळ, नुसती मॅट लुळी. दोन्ही मिळून होडी. यालाच कंपोझिट म्हणतात. आणि कुर्लीचं कवच म्हणजे निसर्गाने आधीच करून ठेवलेलं कंपोझिट. त्यात चिटिन नावाच्या पदार्थाचे अतिशय बारीक तंतू, त्यांच्याभोवती प्रथिनं, मधल्या जागेत कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे आपला चुनखडीचाच भाऊ. तंतूंचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा जरासा फिरवलेला असतो. त्यामुळे चीर गेली तरी सरळ जात नाही, प्रत्येक थरात तिला वळावं लागतं. कुर्लीची नांगी फोडताना दात का दुखतात, ते यावरून कळावं.

हे तंतू कवचातून सुटे काढायचे आणि प्लास्टिकमध्ये मिसळायचे, अशी ही कल्पना. जपानच्या तोत्तोरी विद्यापीठात शिनसुके इफुकू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली खेकड्याच्या कवचातून १० ते २० नॅनोमीटर जाडीचे एकसारखे तंतू काढून दाखवले. केसाच्या काही हजारपट बारीक. पद्धत ऐकून मला हसू आलं. आधी आम्लाने कॅल्शियम काढायचं, मग कॉस्टिकने प्रथिनं, आणि उरलेला ओला लगदा दोन दगडी चकत्यांमध्ये भरडायचा. म्हणजे आपलं जातंच, फक्त विजेवर फिरणारं. क्योटो विद्यापीठातल्या संशोधकांनी तर अख्ख्या खेकड्याचं कवच तसंच ठेवून त्यातलं कॅल्शियम, प्रथिनं, रंग काढले आणि ॲक्रिलिक रेझिन भरून तो खेकडा काचेसारखा पारदर्शक केला. तंतू इतके बारीक की उजेड त्यांना अडत नाही. असे तंतू घातलेलं ॲक्रिलिक पारदर्शकच राहतं, आणि तापल्यावर फुगतंही कमी.

मग अडलं कुठे? एक तर हे तंतू तयार होतात ते पाण्यात, पातळ खळीसारखे. पाणी काढायला गेलात की ते एकमेकांना घट्ट चिकटून बसतात. रेझिनचं आणि पाण्याचं तर जमतच नाही. शिवाय चिटिन ओल धरतं. माझ्या होडीच्या तळाला मी ते उद्या लावणार नाही, कोणी फुकट दिलं तरी. पोलादाशी तुलनाही वजनाच्या हिशेबाने करतात, ते व्हिडिओवाले सांगत नाहीत. पारदर्शक फिल्म, लेप, जखमेवरची पट्टी, क्रीम, इथे त्याला आधी जागा आहे.

पण तोत्तोरीची खरी गोष्ट मला त्या जात्यात दिसत नाही, बंदरात दिसते. त्याच प्रांतात साकाइमिनातो हे खेकड्याचं मोठं बंदर आहे. खेकडा तिथेच उतरतो, तिथेच सोलला जातो, एकाच जातीचं कवच ढिगाने मिळतं, आणि विद्यापीठ त्याच प्रांतात. २००९ च्या कामात प्रथिनं-कॅल्शियम काढलेलं चिटिन भरडेपर्यंत वाळू दिलं नव्हतं, कारण वाळलं की तंतू सुटे होणं कठीण. पुढे थोडं आम्ल घालून वाळलेल्या चिटिनपासूनही जमलं. (माकुलाच्या पोटातलं ते प्लास्टिकसारखं पातं, जे आपण ओढून फेकतो, तेही चिटिनच. त्याचे तंतू तर आणखी सहज सुटतात.)

आता आपल्याकडे या. ससून डॉक घ्या नाहीतर मिरकरवाडा. कोळंबीच्या वजनातला चाळीस-पन्नास टक्के भाग डोकी आणि सालं. कोळंबी, करंदी, मध्येच पिशव्या आणि दोरीचे तुकडे, सगळं एका ढिगात. दुपारच्या उन्हात तो ढीग दोन तासांत कुजायला लागतो. थोडं माडाच्या बुंध्यात जातं, बाकी खाडीत किंवा कचऱ्यात. तंत्रज्ञान नाही असंही नाही. कोचीची केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था चिटिन-कायटोसानवर कित्येक वर्षं काम करते आहे. २०२३-२४ मध्ये देशातून ७ लाख १६ हजार टन गोठवलेली कोळंबी निर्यात झाली. त्यात मोठा वाटा आंध्रच्या तलावांचा आहे, आपला नाही, हेही मान्य. म्हणजे माल आपल्याकडे कमी आणि विखुरलेला. मग तो गोळा करण्यावरच सगळं अवलंबून.

म्हणून माझं म्हणणं: नॅनोची प्रयोगशाळा नंतर. आधी शेडमध्ये साल वेगळं ठेवायला क्रेट द्या, त्यावर बर्फ द्या, सकाळचा माल दुपारच्या आत उचला, आणि सालाला किलोवर भाव ठरवा. तो भाव सोलणारीच्या हातात पडू दे, शेडमालकाच्या नको. साल वेगळं ठेवणार ती. पैसे मिळाले तर ठेवेल, नाहीतर का ठेवावं तिने?

माझ्या आईने बारा वर्षं कोळंबी सोलली. बर्फाच्या पाण्यात हात, उकिडवं बसणं, बोटांची कातडी निघालेली. आता तिचे गुडघे गेलेत. डॉक्टरांनी ग्लुकोसामाइनच्या गोळ्या लिहून दिल्या. ते ग्लुकोसामाइन बहुतेक कोळंबी-खेकड्याच्या सालीतल्या चिटिनपासूनच बनतं. साल फुकट गेलं, गोळी विकत घेतोय. मला हे कळलं तेव्हा मेडिकलच्या दारात पाकीट हातात घेऊन जरा वेळ उभा राहिलो होतो.

दुसरी भीती पाण्याची. सिंगापूरच्या निंग यान आणि शी चेन यांनी २०१५ मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलं होतं, जगात दरवर्षी ६० ते ८० लाख टन असा कचरा निघतो, आणि सालीतून एक किलो कायटोसान करायला एक टनाहून जास्त पाणी लागतं. नॅनो तंतूंसाठीही सुरुवातीचं आम्ल-कॉस्टिक तेच. ते पाणी कुठे सोडणार? लोट्याच्या रसायनांनी दाभोळ खाडीतल्या मच्छीमारांचं काय केलं, ते इथे कोणाला सांगायला नको. मासळीचा कचरा वाचवायला खाडीतली मासळी मारली, असं होऊ नये. सांडपाण्याची व्यवस्था कागदावर नाही, चालू दिसल्याशिवाय असल्या कारखान्याला माझा पाठिंबा नाही, मग त्यावर नॅनोची पाटी का असेना.

भाचा म्हणाला, मामा, तू नेहमी नन्नाचा पाढा वाचतोस. तसं नाही रे. मला हे व्हायला हवंय, म्हणून हिशोब मांडतोय. शेड चालवणारं किंवा सोलायला जाणारं कोणी हे वाचत असेल तर एवढं कळवा: तुमच्याकडे दिवसाला किती पाट्या साल निघतं, किती वाजता उचललं जातं, आणि उचलणारा पैसे देतो की घेतो? चार बंदरांचे आकडे जमले की सोसायटीच्या पुढच्या बैठकीत घेऊन जाणार आहे.