बाळ काचेत, आई जिन्यात

‘बाळ काचेत ठेवलंय’ हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकीनं कधी ना कधी ऐकलेलं असतं. त्यावरचे प्रश्नही ठरलेले. वजन किती? मुलगा की मुलगी? आई कुठे आहे, हे मात्र कुणी विचारत नाही.

मागच्या वर्षी एका जिल्हा रुग्णालयात एका शेतमजूर बाईकडे माझं जाणं-येणं होतं. आठव्या महिन्यातच बाळंत झालेली, बाळ चौदाशे ग्रॅमचं. तिसऱ्या दिवशी तिला सुट्टी दिली. खाट दुसऱ्या बाळंतिणीला हवी होती, सिस्टरांचाही इलाज नव्हता. बाळ राहिलं आत, नवजात अतिदक्षता कक्षात. दर दोन-तीन तासांनी आतून तिच्या नावाचा पुकारा व्हायचा. (बाळाच्या मनगटावर आईच्याच नावाची पट्टी असते; एरवी तिला गावात कोण नावानं हाक मारत होतं?) ती आत जायची, वाटीत दूध पिळून द्यायची आणि पुन्हा जिन्यात येऊन बसायची. टाके ओले, अंगावरून जाणं चालू, संडास खालच्या मजल्यावर. असे तेवीस दिवस. डिस्चार्ज कार्डावर बाळाचं वजन दिवसागणिक लिहिलेलं होतं. तिचं वजन कुणी केलंच नव्हतं.

सरकारची योजना नाही असं नाही. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानं आजारी नवजात बाळाला मोफत उपचार दिले, ही मोठीच गोष्ट. त्याच कार्यक्रमात बाळंतिणीला जेवण आहे: साध्या बाळंतपणात ३ दिवस, सिझेरियन झालं तर ७ दिवस. म्हणजे हिशोब बाळंतपणाचा. बाळ पुढे तीन आठवडे काचेत राहिलं तर ज्या बाईच्या दुधावर ते वाढायचं तिनं काय खायचं, हे त्या हिशोबात बसत नाही.

आणि आता तर विज्ञानही आईला बाहेर बसवू नका म्हणतं. कमी वजनाचं बाळ आईच्या उघड्या छातीशी धरून ठेवायचं, ही कांगारू पद्धत १९७०च्या दशकाच्या शेवटी कोलंबियातल्या बोगोटा शहरात सुरू झाली. तिथे काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या आणि जंतुसंसर्गानं बाळं दगावत होती. आधी पेटीत बाळ स्थिरावू द्या, मग आईकडे द्या, असाच रिवाज पुढे बरीच वर्षं होता. २०२१ साली भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांतला अभ्यास प्रसिद्ध झाला. दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय त्यात होतं. एक किलो ते १८०० ग्रॅमच्या आतली बाळं जन्मल्याबरोबर छातीशी दिली, तेव्हा पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता कक्षाच्या आतच टाकली होती आणि तिची तपासणीही तिथेच होत होती. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनंही हीच शिफारस केली.

आमच्या गटात यावर वाद झाला. एक मैत्रीण म्हणाली, पेटी विकत घ्यावी लागते, बाईची छाती फुकट मिळते, म्हणून सगळ्यांना ही पद्धत आवडते. तिचं खोटं नाही. दिवसाचे आठ-दहा, जमेल तितके जास्त तास बाळ छातीशी धरून पडून राहायचं, तर घरचं थोरलं पोर कोण बघणार, बुडालेली मजुरी कोण देणार? पगारी बाईला २०१७ पासून २६ आठवड्यांची रजा आहे, ती शेतमजुरणीला नाही. ‘आईची ऊब’ म्हणून कौतुक करायचं आणि बसायला पायरी द्यायची, हे आपण चालू देता कामा नये. शिवाय ऊब बापाच्या छातीलाही असते, आजीच्याही. कक्षाच्या दारावर ‘पुरुषांना प्रवेश नाही’ लिहून आपण बापांना फुकटची सूट देतो, ते वेगळंच.

माझं म्हणणं साधं आहे. आईचं अंग हे औषध असेल, तर ते औषध ठेवायची जागा रुग्णालयानं करायला हवी. बाळ आत असेतोवर आईला कक्षातच खाट, दोन वेळचं जेवण, जवळ संडास, रोजची तपासणी आणि बुडीत मजुरी. प्रत्येक सरकारी रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. पुढच्या बैठकीला आपल्यातल्या चौघी-पाचजणींनी जावं. जाण्याआधी एक रात्र त्या जिन्यात बसून किती बायका आहेत ते मोजून घ्यावं.