झरोका उघडा, देवडी बंद : सत्ताधारी लोकांपासून दूर का जातात?

१/
कालपर्यंत कट्ट्यावर बसून आपल्याशी बोलणारा माणूस सत्तेवर येतो आणि काही महिन्यांतच त्याची भेट दुरापास्त होते. असे का घडते? 'सत्तेचा माज' हे उत्तर सोपे आहे, पण अपुरे आहे. निरनिराळ्या काळांतील राज्यकर्त्यांनी निरनिराळ्या कारणांनी हे अंतर राखले आणि त्याची किंमतही मोजली. त्याविषयीचा हा दीर्घ धागा.

२/
सुरुवात इराणपासून करू. इ. स. पूर्व पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने मीड लोकांच्या देइओकेस नावाच्या राजाची कथा सांगितली आहे. हा देइओकेस मुळात गावचा न्यायनिवाडा करणारा माणूस. त्याच्या निःपक्षपातीपणाची कीर्ती इतकी पसरली की लोकांनी आपणहून त्याला राजा केले. राजा होताच त्याने पहिली मागणी केली ती वाड्याची आणि अंगरक्षकांची.

३/
मग एकबाताना येथे, म्हणजे आजच्या हमदानला, एकात एक अशा सात तटबंद्यांचे नगर उभे राहिले. सर्वांत आतल्या तटात राजा. कोणी त्याच्यासमोर यायचे नाही. सारे काम निरोप्यांमार्फत. फिर्यादी लेखी आत जायच्या आणि निकाल बाहेर यायचे. राजासमोर हसणेही निषिद्ध. ही कथा कितपत ऐतिहासिक आहे याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. पण तिच्यात सांगितलेले कारण मात्र आजही विचार करायला लावते.

४/
हिरोडोटस म्हणतो, देइओकेसला भीती होती ती बरोबरीच्यांची. ज्यांच्याबरोबर तो लहानाचा मोठा झाला, जे कुळाने आणि कर्तृत्वाने त्याच्याहून कमी नव्हते, त्यांनी त्याला रोज पाहिले असते तर 'याच्यात असे वेगळे काय आहे?' हा प्रश्न त्यांना पडलाच असता. दिसेनासे झाल्यावर मात्र तो वेगळाच कोणी वाटू लागला. अंतराचे पहिले कारण हे: आपण इतरांसारखेच आहोत हे झाकणे.

५/
आता आपल्याकडे येऊ. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात या नेमक्या मुद्द्यावर राजाला इशारा आहे. कामासाठी आलेल्यांना दारात ताटकळत ठेवू नये, असे तो सांगतो. ज्याचे दर्शन दुर्लभ, त्या राजाला तो 'दुर्दर्श' म्हणतो. अशा राजाकडून त्याच्या भोवतीची माणसे करू नये ते करवून घेतात, करावे ते राहून जाते. परिणामी प्रजा कोपते किंवा राजा शत्रूच्या हाती सापडतो.

६/
हे लिहिणारा कौटिल्य भाबडा नव्हता. त्याच ग्रंथात राजाचा वाडा कसा बांधावा, गुप्त वाटा कोठे ठेवाव्यात, अन्नातील विष कसे ओळखावे, अंगरक्षक कसे नेमावेत, याचे बारकाईने विवेचन आहे. म्हणजे राजाच्या जिवाला धोका असतो हे त्याला पुरते ठाऊक होते. तरीही संरक्षण आणि दुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्याने जाणले. पुढे कित्येक राज्यकर्त्यांनी त्यांची गल्लत केली.

७/
मुघलांच्या 'झरोका दर्शना'ची कथा आपण बहुतेकांनी शाळेत वाचलेली असते. अकबराने ही प्रथा रुजवली. सकाळी बादशहा किल्ल्याच्या सज्जात येई आणि खाली जमलेले लोक त्याला पाहत. बादशहाचे दर्शन घेतल्याखेरीज दिवसाची सुरुवात न करणारे भाविकही निर्माण झाले. त्यांना 'दर्शनिया' म्हणत. पण झरोका हा केवळ दर्शनासाठी नव्हता. तेथे फिर्यादीही मांडता येत.

८/
जहांगिराच्या दरबारात आलेला इंग्रज वकील सर टॉमस रो याने एक मार्मिक निरीक्षण नोंदवले आहे. प्रजा बादशहाची गुलाम, तसा बादशहाही या वेळापत्रकाचा गुलाम आहे. सबळ कारणावाचून एक दिवस जरी तो दिसला नाही तरी लोक बंड करून उठतील, अशा आशयाचे ते आहे. परक्या माणसाला जे दिसले ते महत्त्वाचे: दर्शन ही बादशहाची कृपा नव्हती, ते त्याच्यावरचे बंधन होते.

९/
याच जहांगिराने गादीवर आल्यावर आपला पहिला हुकूम म्हणून न्यायाची साखळी बांधवली, असे तो आत्मचरित्रात लिहितो. सोन्याची साखळी, तिला साठ घंटा. एक टोक आग्र्याच्या किल्ल्याच्या शाहबुर्जाला, दुसरे यमुनाकाठच्या दगडी खांबाला. अधिकाऱ्यांकडे दाद लागली नाही तर पीडिताने साखळी ओढावी. कल्पना सुंदर आहे; पण ती कबुलीही आहे. मधली माणसे फिर्याद वर पोहोचू देत नाहीत, हे बादशहालाच मान्य होते.

१०/
झरोक्याचे खरे मोल कळले ते तो रिकामा राहिला तेव्हा. सप्टेंबर १६५७ मध्ये दिल्लीत शाहजहान आजारी पडला आणि काही दिवस झरोक्यात आला नाही. बादशहा मरण पावला, अशी वार्ता पसरली. पुढे त्याने दर्शन दिले, तरी अफवा थांबली नाही. चार शाहजादे, चार फौजा आणि वारसायुद्ध. ज्या सत्तेचा सारा विश्वास दिसण्यावर उभा होता, ती न दिसण्याने हादरली.

११/
त्या युद्धात जिंकलेल्या औरंगजेबाने राज्यकारभाराच्या अकराव्या वर्षी, १६६८ च्या सुमारास, झरोका दर्शन बंद केले. माणसाचे दर्शन घेणे त्याला धर्माविरुद्ध वाटत होते. येथे आपण झटकन निष्कर्ष काढतो: अकबर लोकांजवळचा, औरंगजेब लोकांपासून दूरचा. कथा मात्र इतकी सरळ नाही.

१२/
१६९५ मध्ये जेमेली कारेरी हा इटालियन प्रवासी कृष्णाकाठच्या गलगली येथील छावणीत औरंगजेबाला भेटला. शहात्तर वर्षांचा वाकलेला म्हातारा अर्जदारांचे कागद चष्म्याशिवाय वाचतो आहे आणि स्वतःच्या हाताने त्यांवर शेरे लिहितो आहे, हे दृश्य कारेरीने नोंदवले. महाराष्ट्रावर चालून आलेला हा शत्रू. पण त्याने दर्शन बंद करून सुनावणी मात्र चालू ठेवली होती, हे नोंदवलेच पाहिजे.

१३/
अर्थात ही सुनावणी छावणीपर्यंत पोहोचू शकणाऱ्यांपुरतीच होती. १६८१ नंतर दख्खनेत उतरलेला औरंगजेब १७०७ मध्ये मरेपर्यंत दिल्लीला परतला नाही. उत्तरेतील फिर्यादीने जायचे कोठे? यावरून माझा मुद्दा मांडतो: राज्यकर्ता दिसतो की नाही आणि तो ऐकतो की नाही, हे दोन स्वतंत्र प्रश्न आहेत. आपण सतत पहिलाच विचारतो. निर्णायक असतो तो दुसरा.

१४/
अंतर नेहमी राज्यकर्ताच राखतो असेही नाही. कधी ते त्याच्याभोवती उभारले जाते. छत्रपती शाहूंच्या मृत्यूनंतर १७५० मध्ये ताराबाईंनी रामराजांना साताऱ्याच्या किल्ल्यात कैद केले. पुढे पेशवाईतही साताऱ्याचे छत्रपती बव्हंशी नजरकैदेसारख्या अवस्थेत राहिले. पेशवाईची वस्त्रे साताऱ्याहून येत, कारभार पुण्यातून चाले. नाव एकाचे आणि देवडी दुसऱ्याच्या ताब्यात, अशी ती व्यवस्था होती.

१५/
याच शतकात मराठी मुलखाच्या लोकांनीच चालवलेले उलट उदाहरणही आहे. अहिल्याबाई होळकर १७६७ ते १७९५ महेश्वरहून कारभार पाहत होत्या. जॉन माल्कमने पुढे माळव्यात माहिती गोळा करून लिहिले, की त्या रोज खुल्या दरबारात बसत आणि कोणालाही त्यांच्यापर्यंत जाता येई. माल्कम हा होळकरांना १८१७ मध्ये महिदपूरला हरवणारा इंग्रज सेनानी. त्याला स्तुती करण्याचे कारण नव्हते.

१६/
इंग्रजांनी अंतराला भूगोलाचे रूप दिले. १८५७ नंतर छावण्या आणि सिव्हिल लाइन्स शहरांपासून अधिकच अलग झाल्या. १८६४ मध्ये व्हाइसरॉय जॉन लॉरेन्सने सिमल्याला उन्हाळी राजधानी केले. कलकत्त्यापासून हजार मैलांहून अधिक दूर, सात हजार फुटांवर, देशाचे सरकार वर्षातील कित्येक महिने बसू लागले. कारण हवामानाचे सांगितले गेले. पण खालच्या मैदानात त्याच उन्हात राबणाऱ्या कोट्यवधींचा आवाज त्या उंचीवर क्षीणच पोहोचणार होता.

१७/
मुंबई सरकारचा परिपाठही तसाच: उन्हाळ्यात महाबळेश्वर, पावसाळ्यात पुणे. पुण्यातला गव्हर्नरचा बंगला शहरात नव्हता, तो होता गणेशखिंडीत. आज तीच वास्तू सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची मुख्य इमारत आहे. तुमच्यापैकी अनेकांनी तिच्यासमोर छायाचित्रे काढली असतील. १८९७ च्या जून महिन्यात त्या इमारतीकडे जाणारा रस्ता कसा होता, याची क्षणभर कल्पना करा.

१८/
त्या वर्षी पुण्यात प्लेग होता. प्लेग समितीचा प्रमुख रँड याच्या अमलात गोरे सोजीर घराघरांत शिरून तपासण्या करत होते. देवघरे आणि माजघरे तुडवली गेल्याच्या तक्रारी वर्तमानपत्रांतून येत होत्या. दाद लागत नव्हती. अशा शहराजवळ, २२ जून रोजी, गणेशखिंडीत राणी व्हिक्टोरियाच्या राज्यारोहणाचा हीरकमहोत्सव साजरा झाला. परतताना चापेकर बंधूंनी रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या.

१९/
सरकारने यातून काय शिकावे? आपली देवडी बंद होती, हे त्याला उमगायला हवे होते. त्याऐवजी पुण्यावर जादा पोलीस बसवले गेले आणि टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना अठरा महिन्यांची शिक्षा झाली. हिंसेचे समर्थन मी करत नाही. पण दुराव्यातून अज्ञान, अज्ञानातून संताप आणि संतापाला उत्तर म्हणून आणखी दुरावा, हे चक्र येथे जितके स्पष्ट दिसते तितके क्वचितच दिसते.

२०/
'पण नेत्यांच्या जिवाला धोका नसतो काय?' हा आक्षेप रास्त आहे. २० जानेवारी १९४८ रोजी सभेजवळ बाँब फुटल्यावरही गांधीजींनी प्रार्थनेला येणाऱ्यांची झडती घेऊ दिली नाही. दहा दिवसांनी त्यांची हत्या झाली. १९९१ मध्ये राजीव गांधी गर्दीत मिसळत असतानाच मारले गेले. दुसरीकडे १९८४ मध्ये इंदिरा गांधींवर गोळ्या झाडल्या त्या त्यांच्याच अंगरक्षकांनी. म्हणून संरक्षण हवेच. मात्र दुरावा म्हणजे संरक्षण नव्हे.

२१/
दुसरा आक्षेप संख्येचा. कोट्यवधींच्या देशात प्रत्येकाला कोण भेटणार? खरे आहे, आणि म्हणूनच लोकशाहीने भेटीची जागा हक्काला दिली. २००५ चा माहितीचा अधिकार ही खऱ्या अर्थाने आपली साखळी आहे. ती ओढायला किल्ल्याजवळ जावे लागत नाही आणि उत्तराला मुदत असते. २०१७ मध्ये मंत्र्यांच्या गाड्यांवरचे लाल दिवे गेले, तेही चांगलेच झाले. पण दिवा हा दिसण्याचा प्रश्न होता, माहितीचा अधिकार हा ऐकण्याचा आहे. दोहोंपैकी कोणता कमकुवत झाला तर आपण अधिक अस्वस्थ व्हायला हवे?

२२/
आजचे नेते दिसत नाहीत, अशी तक्रार करताच येणार नाही. ते सकाळ-संध्याकाळ आपल्या हातातल्या पडद्यावर असतात. झरोका पुन्हा उघडला आहे. इतका मोठा झरोका अकबरालाही लाभला नव्हता. फरक इतकाच की त्याच्या झरोक्याखाली उभा राहिलेला माणूस अर्ज उंचावू शकत होता. पडद्यासमोरचा माणूस आवड नोंदवतो. आणि 'जनता दरबार' हा शब्द आपण किती सहज वापरतो! दरबार राजाचा असतो. तेथे नागरिक पुन्हा अर्जदार होऊन उभा राहतो.

२३/
म्हणून इतिहासाच्या विद्यार्थ्याने एक सवय लावून घ्यावी, असे मला वाटते. कोणताही राज्यकर्ता, जुना किंवा नवा, पारखताना तो किती वेळा दिसला हे मोजू नये. त्याच्या देवडीवर कोण बसले होते, न आवडणारा कागद आत गेला का आणि त्यावर शेरा उमटला का, हे विचारावे. देइओकेसच्या सात तटांपेक्षा जाड तट हसऱ्या छायाचित्रांचाही असू शकतो.

२४/
धागा येथे संपवतो. तुमच्या गावातील एखादा वाडा, गढी, कचेरी किंवा संस्थानी राजवाडा आठवून पाहा. तेथे फिर्यादी कोठे उभा राहत असे? सदर कोठे होती, देवडी कोठे होती, दोहोंमध्ये अंतर किती होते? इमारतींच्या रचनेत सत्तेचा स्वभाव कोरलेला असतो. तुमची निरीक्षणे खाली अवश्य लिहा. मतभेद असतील तर तेही. ती सारी मी वाचेन. या विषयावर लिहून निदान एवढे तरी करायलाच हवे.